तार नसलेला कोन

काही सबवूफरच्या पेटीला तीन बाजूंना तीन मोठे कोन असतात. आत डोकावलं तर तार मात्र त्यातल्या एकालाच जोडलेली दिसते. उरलेल्या दोघांना ना चुंबक, ना व्हॉइस कॉइल. तरीही सिनेमातला स्फोट घुमतो किंवा चर्चमधल्या ऑर्गनचा अगदी तळाचा सूर लागतो, तेव्हा सगळ्यात जास्त हलतात ते हेच दोघे. तार जोडलेला कोन त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जोडणीच चुकली आहे असं वाटावं, इतकं ते विचित्र दिसतं.

तार नसलेल्या या कोनांना पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात. हाताच्या पंजात मावणारा ब्लूटूथ स्पीकर ज्यांच्या घरी आहे, त्यांनी त्याच्या दोन टोकांना थरथरणाऱ्या चकत्या पाहिल्या असतीलच; त्याही पॅसिव्ह रेडिएटरच. या प्रकरणात आपण दिवाणखान्यात ठेवता येईल असा सबवूफर याच पद्धतीने आधी कागदावर मांडू आणि मग प्लायवुडमध्ये उभा करू. आकडे बरेच येतील, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. अंदाजाने बांधलेला बंद पेटीचा स्पीकर बहुतेक वेळा बरा वाजतो. अंदाजाने बांधलेला पॅसिव्ह रेडिएटरचा सबवूफर बहुतेक वेळा वाईटच वाजतो.

खालचे सूर काढणं इतकं अवघड का, इथून सुरुवात करू. स्पीकरचा कोन हवा ढकलतो. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा, म्हणजे कंपनसंख्या निम्मी करायची, तर ढकलायची हवा चौपट करावी लागते. जमिनीवर ठेवलेल्या पेटीपासून एक मीटरवर 44 हर्ट्झचा सूर 100 डेसिबलने ऐकू यायला हवा असेल, तर कोनाने मध्यापासून पुढे आणि मागे प्रत्येकी सुमारे 190 घनसेंटिमीटर हवा सरकवली की पुरे. तोच आवाज 22 हर्ट्झला हवा असेल तर पाऊण लिटरहून जास्त लागते. त्यात आपला कानही या टोकाला फार मंद. 1000 हर्ट्झचा सूर 2-3 डेसिबललाही ऐकू येऊ लागतो, पण 20 हर्ट्झचा सूर जाणवायलाच जवळजवळ 78 डेसिबलची पातळी गाठावी लागते. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची, पियानोची सर्वांत डावी पट्टी 27.5 हर्ट्झची. डग्ग्याचा घुमारा यांच्या बराच वर असतो; तेवढ्यासाठी चांगले मोठे स्पीकर पुरतात, सबवूफरची गरज नाही. सबवूफर लागतो तो त्याखालच्या प्रदेशासाठी.

दुसरी अडचण कोनाच्या पाठीची. कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरांच्या लहरी कित्येक मीटर लांब असल्याने मागची विरळ हवा कडेने वळून पुढच्या दाबाला येऊन मिळते आणि दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून स्पीकरला पेटी लागते. पेटी पूर्ण बंद केली तर आतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि कोनाला जास्त ताठर करते. एडगर विल्चर यांनी 1954मध्ये अमेरिकेत आपल्या एआर-1 या स्पीकरमध्ये याच स्प्रिंगचा हुशारीने उपयोग केला आणि लहान पेटीतून त्या काळाच्या मानाने विलक्षण खोल आवाज काढला. पण बंद पेटीत कोनाच्या पाठीमागे निर्माण होणारी निम्मी ऊर्जा कोंडूनच राहते.

ती बाहेर काढण्याचा मार्ग त्याआधीच सापडला होता. बेल लॅबोरेटरीजमधल्या आल्बर्ट थुरास यांनी 1930मध्ये पेटंटचा अर्ज केला तो पेटीला नळी बसवण्याचा. नळीतली हवा म्हणजे वजन आणि पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग. दोन्ही मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला डोलतात. त्या सुराला कोनाने पाठीमागे थोडासा दाब दिला की नळीतली हवा जोरात आत-बाहेर होऊ लागते. झोपाळ्याला योग्य वेळी बोटाने ढकललं तरी तो उंच जातो, तसंच हे. हा सूर कोणता असावा ते पेटीचं घनफळ आणि नळीची लांबी-रुंदी ठरवतात. त्या सुराला पेटीचं ट्यूनिंग म्हणतात.

आता आपली पेटी घेऊ. आतलं निव्वळ घनफळ 50 लिटर, म्हणजे कोपऱ्यातल्या लहान टीपॉयएवढी. ट्यूनिंग 22 हर्ट्झ. 10 सेंटिमीटर व्यासाची नळी वापरायची तर ती किती लांब हवी? हिशेब 90 सेंटिमीटर येतो. पेटीची आतली खोली 40 सेंटिमीटरसुद्धा नाही. नळी दोनदा वळवून बसवली तर ती पेटीचं घनफळ खाते, आणि इतक्या लांब नळीचा स्वतःचा एक सूर 180 हर्ट्झच्या आसपास घुमू लागतो, तो वेगळाच. मग नळी बारीक करावी का? 7 सेंटिमीटर व्यासाला 42 सेंटिमीटर लांबी पुरते, ती एका वळणात बसेलही. पण मघाची पाऊण-एक लिटर हवा त्या अरुंद तोंडातून सेकंदाला 22 वेळा ये-जा करणार. तिचा वेग सेकंदाला 32 मीटरपर्यंत, म्हणजे ताशी 115 किलोमीटरपर्यंत चढतो. सूर ऐकू येण्याऐवजी फुसफुस ऐकू येते. लहान पेटी आणि खोल ट्यूनिंग एकत्र आलं की नळी हरते.

हॅरी ओल्सन हे अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचे ध्वनिशास्त्रज्ञ. 1935च्या जानेवारीत त्यांना मिळालेल्या पेटंटमध्ये यावरचा उपाय आहे. नळीतल्या हवेचं काम काय, तर वजन म्हणून डोलणं. मग हवाच कशाला हवी? पेटीला मोठं भोक पाडून त्यात नुसता कोन बसवावा, त्याच्या कडेला लवचीक सराउंड असावं आणि कोनाला हवं तेवढं वजन द्यावं. हवेच्या खांबाऐवजी घन वस्तू डोलेल. पुढे बरीच वर्षं याला ड्रोन कोन म्हणत. 1954मध्ये ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय पुन्हा लेखात मांडला.

या बदलात एक गंमतशीर हिशेब दडलेला आहे आणि मला वाटतं सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. आपल्या 90 सेंटिमीटर नळीतली हवा, तिच्या दोन्ही तोंडांशी सोबत हलणारी थोडी हवा धरून, जेमतेम 9 ग्रॅम भरते. नळीचं तोंड 78.5 चौरस सेंटिमीटर. त्याऐवजी 12 इंची दोन पॅसिव्ह रेडिएटर लावले, प्रत्येकाचं हलणारं क्षेत्रफळ 480 चौरस सेंटिमीटर, तर एकूण 960 होतं, म्हणजे नळीच्या सुमारे 12 पट. तीच पेटी त्याच सुराला डोलवायची तर वजन क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावं लागतं: 12.2चा वर्ग जवळजवळ 150. 9 ग्रॅमचे झाले सुमारे 1360 ग्रॅम, म्हणजे प्रत्येक रेडिएटरला 680. बदल्यात मिळालं काय? वेग 12 पटींनी उतरला. 10 सेंटिमीटरच्या नळीत हवा सेकंदाला 16 मीटरने धावत होती, ती आता कोनासोबत सव्वा मीटरने हलते. फुसफुस संपली, लांबीचा प्रश्न संपला, नळीचा घुमारा संपला. पॅसिव्ह रेडिएटर हा दुसरा स्पीकर नाही; रुंद करून, वजन देऊन बंद केलेली ती नळीच आहे. हे पक्कं ध्यानात असलं की पुढचे सगळे निर्णय आपोआप सुचत जातात. आपल्या घरांपुरता आणखी एक फायदा असा की उघड्या नळीत पाली आणि झुरळं संसार थाटतात. इथे त्यांना वाटच नाही.

ओल्सन यांची कल्पना बरीच वर्षं तुरळकच वापरली गेली, कारण कोणता कोन, किती वजन, केवढी पेटी हे आधी ठरवण्याची पद्धत नव्हती. लोक बांधून, ऐकून, पुन्हा बांधत. ते चित्र बदललं ऑस्ट्रेलियातून. नेव्हिल थील यांनी 1961मध्ये नळीच्या पेटीचं गणित विजेच्या फिल्टरच्या भाषेत मांडलं. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं आणि 1974मध्ये पॅसिव्ह रेडिएटरवरचा दोन भागांचा लेख प्रसिद्ध केला. आज कोणत्याही वूफरच्या कागदावर जे आकडे छापलेले असतात त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात ते याचमुळे. विनआयएसडीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे भरले की आलेख समोर उभा राहतो. तरी एकदा हाताने हिशेब करून पाहावा, असा माझा आग्रह आहे. सॉफ्टवेअर चुकीच्या आकड्यांनाही तितक्याच देखण्या रेषा काढून देतं.

हिशेबाला बसण्याआधी एका मर्यादेची आठवण ठेवायला हवी. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या नावातले एच म्हणजे अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की लहान पेटी, खोल सूर आणि कमी वीज या तिन्हींपैकी दोनच मिळतात. पॅसिव्ह रेडिएटर हा नियम मोडत नाही. 1990च्या दशकात बॉब कार्व्हर यांनी सनफायर कंपनीतर्फे जेमतेम 11 इंची घनाएवढा सबवूफर काढला, त्यात एका बाजूला वूफर आणि समोर पॅसिव्ह रेडिएटर. पेटी लहान आणि सूर खोल, म्हणून किंमत विजेत मोजावी लागली. आत प्रचंड ताकदीचा ॲम्प्लिफायर होता. आपण 50 लिटरला थांबतो ते याचसाठी. 300 वॉटच्या ॲम्प्लिफायरवर काम भागावं आणि वूफरची कॉइल तापून जळू नये.

वूफर 10 इंची घेऊ. त्याच्या कागदावर दोन आकडे आधी पाहायचे: हलणारं क्षेत्रफळ आणि कोन मध्यापासून एका बाजूला किती सरकू शकतो ते अंतर. चांगल्या लांब चालीच्या वूफरला हे साधारण 340 चौरस सेंटिमीटर आणि 14 मिलिमीटर असतात. गुणाकार 476 घनसेंटिमीटर. आता पॅसिव्ह रेडिएटरची सर्वांत महत्त्वाची अट: रेडिएटर मिळून वूफरच्या किमान दुप्पट हवा सरकवू शकले पाहिजेत. ट्यूनिंगच्या आसपास जवळजवळ सगळा आवाज तेच काढतात. वूफर तेव्हा फक्त दाब पुरवत असतो. दुप्पट म्हणजे 950 घनसेंटिमीटर, 960 चौरस सेंटिमीटरवर विभागले की प्रत्येकाची चाल साधारण 10 मिलिमीटर. बाजारातले बरे 12 इंची रेडिएटर याच्या दुप्पट सरकतात, म्हणजे हाताशी राखीवही राहतं. वूफरच्याच मापाचा एकच रेडिएटर लावून पैसे वाचवण्याचा मोह होतो; मोठ्या आवाजाला त्याचं सराउंड ताणलं जाऊन टकटक ऐकू येऊ लागते. एकच लावायचा असेल तर तो वूफरपेक्षा किमान एक माप मोठा आणि लांब चालीचा हवा.

मघाच्या 680 ग्रॅमच्या हिशेबात एक गोष्ट धरली नव्हती. रेडिएटरला स्वतःचं सस्पेन्शन असतं, आणि तेही स्प्रिंगच. उदाहरणाला असा रेडिएटर घेऊ, ज्याचं मूळ हलणारं वजन 300 ग्रॅम आणि मोकळ्या हवेतला स्वतःचा सूर 15 हर्ट्झ. त्याच्या सस्पेन्शनचा ताठरपणा मीटरमागे साधारण 2660 न्यूटन निघतो. पेटीतल्या हवेचा ताठरपणा प्रत्येक रेडिएटरला 13000. दोन्ही स्प्रिंग मिळून सुमारे 15700, आणि इतक्या ताठर स्प्रिंगवर 22 हर्ट्झला डोलायचं तर वजन 820 ग्रॅम हवं. म्हणजे प्रत्येक रेडिएटरच्या मधल्या बोल्टवर 520 ग्रॅमच्या लोखंडी चकत्या चढवायच्या. वजन वाढल्याने रेडिएटरचा मोकळ्या हवेतला सूर 15वरून 9 हर्ट्झवर उतरतो. हा 9चा आकडा कामाचा आहे. त्या सुराला रेडिएटर वूफरचा आवाज पुसून टाकतो आणि आलेखात खोल खड्डा पडतो. 9 हर्ट्झला खड्डा पडला तर आपल्याला त्याचं सोयरसुतक नाही. पण ताठर सस्पेन्शनचा स्वस्त रेडिएटर घेतला आणि खड्डा 16 हर्ट्झवर आला, तर 22 हर्ट्झखाली आवाज कड्यावरून पडल्यासारखा तुटतो. नळीच्या पेटीत हा खड्डा नसतो. रेडिएटर विकत घेताना सस्पेन्शन मऊ आहे ना, हे म्हणूनच बघायचं.

दोन रेडिएटर का, आणि तेही समोरासमोरच्या भिंतींवर का? 820 ग्रॅमचं वजन 22 हर्ट्झला 10 मिलिमीटर पुढे-मागे हलवायला शिखराशी 157 न्यूटन, म्हणजे 16 किलो वजनाएवढा जोर लागतो. कोन बाहेर फेकला गेला की पेटी तितक्याच जोराने उलट बाजूला ढकलली जाते. दोघे एकाच बाजूला लावले तर हा धक्का 32 किलोचा. टाइल्सवर ठेवलेली पेटी अक्षरशः चालू लागते आणि खालच्या मजल्याच्या छतात थरथर पोहोचते. डावा-उजवा असे समोरासमोर लावले की दोघे एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जातात, धक्के एकमेकांना खोडून काढतात. पेटीवर हात ठेवला तर ती आश्चर्य वाटावं इतकी शांत लागते. दोन्ही वजनं मात्र ग्रॅममध्ये जुळली पाहिजेत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्याला पुरतो. वर किंवा खाली तोंड करून रेडिएटर लावू नये. 820 ग्रॅमच्या भाराने ते सस्पेन्शन कायमचं 3 मिलिमीटर लोंबकळेल आणि वर्षागणिक आणखी.

आता सुताराकडे. 18 मिलिमीटरचा चांगला प्लाय किंवा एमडीएफ, दोन्ही चालतात. पावसाळ्यात भिंतींना ओल येणाऱ्या कोकणातल्या घरात मी एमडीएफ वापरणार नाही; कापलेल्या कडा दमट हवेत फुगतात. बाहेरून रुंदी 44, उंची 40, खोली 44 सेंटिमीटर आणि समोरची फळी दुहेरी. आत सुमारे 57 लिटर मिळतात. वूफर, रेडिएटरचे सांगाडे आणि आधाराच्या पट्ट्या वजा जाता 50 उरतात. सुताराला एक गोष्ट आधीच पटवून द्यावी लागते: हे कपाट नव्हे. पूर्ण आवाजात आतला दाब इतका चढ-उतार करतो की 40 सेंटिमीटर चौरस फळीवर 43-44 किलोचा जोर सेकंदाला 22 वेळा आत आणि 22 वेळा बाहेर पडतो. रेडिएटरच्या फळ्यांना तर आधीच 28 सेंटिमीटरची भोकं पाडलेली. म्हणून वर-खालच्या फळ्यांना जोडणारा, मधे खिडकी कापलेला आडवा आधार आतून हवाच. खिळे नकोत, भरपूर फेविकॉल, स्क्रू आणि शिकंजे. वूफर व रेडिएटर लाकडाच्या स्क्रूने न आवळता टी-नट ठोकून बोल्टने आवळावेत, कारण वजन जुळवताना ते दोन-चार वेळा उघडावे लागणारच.

भोकं पाडण्याआधी पुठ्ठ्याची प्रतिकृती करून आतल्या आत धडक होत नाही ना, ते पाहावं. ही पायरी सर्रास गाळली जाते. समोरून वूफरचं चुंबक आत येतं, दोन्ही बाजूंनी रेडिएटरचे सांगाडे आणि त्यांच्या पाठीला बोल्टवर चढवलेल्या चकत्या येतात, वर दोघे आणखी दोन सेंटिमीटर आत हलणार. आपल्या पेटीत तिघे एकाच रेषेत ठेवले तर चकत्या चुंबकावर आपटतील. रेडिएटर मागच्या भिंतीकडे सरकवले की जागा होते. ॲम्प्लिफायर पेटीत बसवण्यापेक्षा बाहेर वेगळा ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आतला दाब, उष्णता आणि प्लेटच्या फटींतून होणारी गळती, तिन्हींची कटकट वाचते.

सुटे भाग कुठे मिळतात? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली ही वर्षानुवर्षांची ठिकाणं. वूफर, टी-नट, तार, गास्केटची फोमपट्टी तिथे मिळून जाते. लांब चालीचे पॅसिव्ह रेडिएटर मात्र दुकानात क्वचितच दिसतात, बहुधा बाहेरून मागवावे लागतात, आणि दोघांची किंमत मिळून वूफरच्या बरोबरीला येऊ शकते. नळीला लागणाऱ्या पीव्हीसी पाइपाचा खर्च जवळजवळ शून्य, हे लक्षात घेऊनच हा मार्ग धरावा. ज्यांच्याकडे 120 लिटरची पेटी ठेवायला जागा आहे त्यांनी खुशाल नळी लावावी. कॉइल जळालेल्या जुन्या वूफरचं चुंबक काढून त्याचा रेडिएटर करता येतो. शिकण्यासाठी हा प्रयोग उत्तम, फक्त जुन्या वूफरची चाल बहुधा पाच-सहा मिलिमीटरच असते, म्हणून त्याच्याकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा ठेवू नये.

पेटी जोडून झाली की आवाज लावण्याआधी गळतीची चाचणी. एका रेडिएटरवर तळहात सपाट ठेवून तो सावकाश आत दाबा. वूफर आणि दुसरा रेडिएटर बाहेर येतील. हात तसाच धरून ठेवा. ते बाहेर आलेले कोन हळूहळू, काही सेकंद घेत मागे गेले तर पेटी घट्ट आहे. लगेच परतले तर कुठेतरी फट आहे. मग उदबत्ती पेटवून कडेकडेने फिरवा, वूफरवर हलका सूर चालू ठेवून. जिथे धूर थरथरतो तिथे फट. या पेटीत फट म्हणजे नको असलेली दुसरी नळीच.

मग वजन जुळवणं, या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग. फोनवरच्या सिग्नल जनरेटरमधून शुद्ध सूर द्यायचा आणि हळूहळू 40 हर्ट्झपासून खाली यायचं. आवाज बेताचाच ठेवायचा. सुरुवातीला वूफर हलताना दिसतो, रेडिएटर फारसे नाहीत. खाली येता येता रेडिएटर जागे होतात, आणि एका सुराला वूफरचा कोन आपोआप मंदावतो तर रेडिएटर पूर्ण झुलू लागतात. तेच ट्यूनिंग. डोळ्यांवर भरवसा नसेल तर वूफरच्या मालिकेत एक रोध जोडून मल्टिमीटरने वूफरच्या टोकांवरचा विद्युतदाब वेगवेगळ्या सुरांना मोजा. आलेखात दोन डोंगर येतील आणि त्यांच्या मधल्या दरीचा तळ म्हणजे ट्यूनिंग. 23 आलं आणि 22 हवं असेल तर दोन्ही बाजूंना सारख्याच चकत्या वाढवा: प्रत्येकी 40 ग्रॅमला सुमारे अर्धा हर्ट्झ उतरतो. नवं सस्पेन्शन काही आठवड्यांत थोडं सैल होतं, पण आपल्या पेटीत हवेचीच स्प्रिंग बलवान असल्याने ते 20 टक्क्यांनी सैल झालं तरी 22चं 21.6 होईल, एवढंच. मऊ सस्पेन्शनचा हा दुसरा लाभ.

ट्यूनिंगच्या खाली काय होतं, ते समजून घेतल्याशिवाय ॲम्प्लिफायरचं बटण वर नेऊ नये. 22 हर्ट्झखाली पेटीतला दाब नाहीसा होतो. वूफर आत जाताच रेडिएटर बाहेर सरकून त्याला वाट करून देतात, त्यामुळे वूफरला कोणी रोखत नाही आणि दोघांचा आवाज एकमेकांना खोडतो. ऐकू काहीच येत नाही, पण कोन मर्यादेपलीकडे उडत असतो. सिनेमाच्या ध्वनिपट्टीत 10-15 हर्ट्झचे धक्के असतात. म्हणून 18 हर्ट्झच्या आसपास, सप्तकामागे 24 डेसिबलने उतरणारा सबसॉनिक फिल्टर अनिवार्य आहे. हा फिल्टर नसलेला ॲम्प्लिफायर कितीही स्वस्त मिळाला तरी तो या पेटीला जोडू नये.

वरची हद्द 80 हर्ट्झ ठेवली की सूर कुठून येतो ते कानाला सहसा कळत नाही आणि पेटी खोलीत कुठेही ठेवता येते. कुठेही ठेवली तरी सारखी वाजेल असं मात्र नाही. 15 बाय 10 फुटांच्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये लांबीच्या दिशेने 37.5 आणि रुंदीच्या दिशेने 56 हर्ट्झचे सूर भिंतींमध्ये आपटून फुगतात; सोफ्यावर एक सूर अंगावर येतो आणि शेजारचा गायब होतो. जागा शोधण्याची खात्रीची रीत अशी: पेटी तात्पुरती सोफ्यावर, जिथे आपण बसतो तिथेच ठेवायची, बेसचं ओळखीचं गाणं लावायचं आणि स्वतः जमिनीलगत कान नेत भिंतीच्या कडेने फिरायचं. जिथे सगळे सूर सारखे लागतील तिथे पेटी कायमची ठेवायची. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा होतो, पण तो बहुधा एकाच सुराचा. त्यापेक्षा लांब भिंतीच्या साधारण पाव अंतरावरची जागा आधी तपासून पाहावी. दोन्ही रेडिएटरसमोर किमान हातभर मोकळी जागा सोडावी आणि पडदा त्यांना चिकटू देऊ नये. पेटीखाली जाड रबराचे पाय लावले तर उरलीसुरली थरथर फरशीत उतरत नाही. हवेतून जाणारा आवाज मात्र स्लॅब पूर्णपणे अडवू शकत नाही, म्हणून रात्री दहानंतर सबसॉनिक फिल्टर 30 हर्ट्झवर चढवून ठेवण्याची सोय ॲम्प्लिफायरमध्ये असेल तर ती जरूर वापरावी.